झोपल्याची सही

पाचोऱ्यातल्या आमच्या गल्लीत अकरा वर्षांनी एक आनंदाची घटना घडली आणि ती नियमानुसार हाताळण्यात आली. मागाहून बोंबाबोंब नको, म्हणून मी पितांबर, तहसीलचा निवृत्त अव्वल कारकून, सारं लिहून ठेवतो आहे.

समोरच्या हितेंद्र मास्तरांच्या बायकोला, ललिताला, दिवस गेले. जळगावच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं खेपा, पोटात टोचलेल्या सुया, तीनदा हाती आलेलं निसटलं, आणि चौथ्यांदा हे. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं. उठबस अंगाशी येईल म्हणाल्या. गल्लीनेही ललिताची काळजी पहिल्यापासून घेतली होती. कुणाच्या डोहाळजेवणात तिला ओटी भरू दिली नाही, पंगत मात्र वाढू दिली. तेव्हा विश्रांतीसारखी नाजूक बाब तिच्या एकटीवर सोपवणं आम्हाला बेजबाबदारपणाचं वाटलं.

म्हणून विश्रांती देखरेख समिती स्थापन झाली. अध्यक्षा सुंदरबाई, कारण ओटीच्या वेळी ललिताला बाजूला उभं करायचा अनुभव त्यांनाच दांडगा. सचिव मी. प्रत्येक घराने रोज एकदा जाऊन ललिता झोपली आहे ना, हे पाहावं, असा ठराव एकमताने झाला. मागचा विषय पटलावर घ्यायचा नाही, हेही ठरलं.

पहिल्या दिवशी सत्तावीस घरं गेली. मास्तर शाळेत, घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा कडी काढायला ललिताच उठली. दार उघडं ठेवू का, असं तिने विचारलं. नजर लागते, म्हणून सुंदरबाईंनी मनाई केली. आलेल्या माणसाला कोरडं पाठवायची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे चहाही झाला. सुंदरबाई खुर्चीत बसून म्हणाल्या, "तू पडी ऱ्हाय माय, आमी फक्त देखाले उनूत." आणि साखर जरा कमी टाकायला सांगितलं.

पुढे तक्रार आली, की काही घरं न जाताच गेलो म्हणतात. मग मी रजिस्टर घातलं. तारीख, वेळ, पाहणाऱ्याचं नाव, शेरा 'झोपलेली आढळली', आणि पुढे ललिताची सही. सगळ्या सह्या सकाळीच एकदम करून देते, म्हणाली. आगाऊ सही हा गैरप्रकार असतो, हे मी तिला शांतपणे समजावलं. तिनेही वाद घातला नाही. इतक्या वर्षांनी गल्ली तिच्या दारात आली होती, तिला नाही म्हणवत नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी तिच्या अंगावरून जायला लागलं. मास्तर शाळेतून धावत आले. सचिव या नात्याने रजिस्टर घेऊन मीही जळगावच्या गाडीत बसलो. माहेरवाशिणी, सासुरवाशिणी, सगळ्यांना सल्ले देणारी आमची गल्ली. पण रस्ताभर ललिता पोटावर हात ठेवून बसली होती आणि मी मांडीवरच्या रजिस्टरची पानं उगाच मोजत होतो.

तपासणी झाली. ठोके होते. ललिता हुंदके देऊन रडली, मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यांना उठवत कोण होतं? मी अभिमानाने रजिस्टर पुढे केलं. त्यांनी पानं उलटली. दोनशे चार सह्या.

"शेरा झोपलेल्याचा आहे, मग सही कुणी केली?"

"मीच," ललिता म्हणाली. "झोपले होते, म्हणून सही करायला उठावं लागत होतं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, की मी चष्मा पुसायला घेतला.

ललिता परत आलीच नाही. ती थेट पिंपळनेरला माहेरी गेली, आणि मास्तरांनी तिथला पत्ता गल्लीला दिला नाही. लाभार्थीने सहकार्य केलं नाही, अशी नोंद करणं समितीला भाग पडलं. पौषात तिला मुलगी झाली, तीन किलोची, ठणठणीत. आम्ही ते समितीच्या कामाचं फलित म्हणून अहवालात घेतला. बारशाचं बोलावणं आलं नाही. सुंदरबाईंना ते फार लागलं. आपल्याला असं वगळल्यावर माणसाला काय वाटतं, हे कळतं का कुणाला, म्हणाल्या.

रजिस्टरची निम्मी पानं कोरी राहिली आहेत. ती वाया जाऊ नयेत म्हणून कालच्या बैठकीत नवं नाव घेतलं: गल्लीतल्या प्रेमराजची बायको पुनम. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न झालंय, अजून काही बातमी नाही. पाहणारे म्हणून पहिल्या ओळीत तुमचं, हे वाचणाऱ्याचं, नाव टाकलंय. दचकू नका. परवा एका लग्नाच्या मांडवात तिला कोपऱ्यात गाठून 'काय मग, काही विशेष?' असं तुम्हीच हसत हसत विचारलं होतं. तिची सही तेवढी बाकी आहे.