जुन्या छत्रीला नवा डबा

टीव्हीच्या डिशची कंपनी मला लुटू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कंपनीच्या बाईंचा फोन आला: तुमचा जुना सेट-टॉप बॉक्स लवकरच बंद पडणार, नवा एचडी घ्या, सोबत नवी छत्री, नवी वायर, आणि टीव्हीही नवा घेतलात तर उत्तम. मी विचारलं, "घरही नवं बांधू का?" त्या म्हणाल्या, "ते आमच्याकडे नसतं सर."

मी आपला आपण शिकलेला माणूस आहे. मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्याचा पंखा, सगळं उघडून पाहिलंय. त्यातलं काही पुन्हा चालूही झालंय. तेव्हा ठरवलं, घ्यायचा तो फक्त डबा. छत्री गच्चीवरची, गंजकी का होईना, तीच. वायर तीच. टीव्हीही तोच, पाठीला कुबड आलेला, जागचा हलवायचा तर दोघांनी धरावा लागणारा. चालती वस्तू केवळ जुनी झाली म्हणून जी माणसं टाकून देतात, ती उद्या घरातलं आणखी काय टाकतील याचा भरवसा नाही.

पण खरं कारण बाबा होते.

बाबा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवतात. छापील पाट्या आल्या आणि बाकीचे पेंटर देशोधडीला लागले, तरी कोपऱ्यावरचा औषधवाला बाबांनाच धरून होता. त्याची नवी पाटी कधीची आमच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, कोरी. तो विचारायला आला की बाबा म्हणायचे, "हल्ली रंग चांगले येत नाहीत रे. थांब जरा." आणि दिवसभर टीव्हीसमोर बसायचे. मग टीव्हीवरूनही मन उडालं. "पिवळट दिसतंय. धुरकट," असं म्हणून एक दिवस त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

माणूस भिंतीकडे तोंड करून बसायला लागला की घरच्यांनी घाबरावं. मी घाबरलो. मला वाटलं, चित्र स्वच्छ झालं की बाबा इकडे वळतील, आणि इकडे वळले की ब्रशकडेही वळतील. गणित माझं होतं. माझी गणितं शाळेतही अशीच असायची.

डिशवाला डबा घेऊन आला. टीव्हीच्या मागे डोकं घालून म्हणाला, "साहेब, नव्या डब्याची पिन बसेल असं भोकच नाही ह्याला."

"मग पाड."

"भोक?"

"मार्ग काढ म्हणतोय."

त्याने डबा आणि टीव्ही यांच्यामध्ये एक छोटी डबी जोडली. तिच्या एका अंगाला नव्या डब्याची वायर, दुसऱ्या अंगाला टीव्हीची लाल-पांढरी-पिवळी. सासू-सुनेचं पटेना म्हणून मध्ये मावशी आणून बसवावी तसं. जाताना तो म्हणाला, "चाललं तर तुमचं नशीब. बंद पडलं तर मला फोन करू नका."

चाललं. मला तर चित्र झकास दिसलं. पण आमच्या घरात एक नियम आहे. गोष्ट कशी आहे हे बाबा ठरवतात. भाजीत मीठ आहे की नाही, पाहुणा चांगला की वाईट, पाऊस पडणार की नाही. मी बाबांची खुर्ची वळवली.

"कसं दिसतंय?"

"पिवळट."

मी पिवळी वायर बदलली.

"आता?"

"धूर झालाय सगळीकडे."

मी मधली डबी बदलली. मग डब्यापासून गच्चीपर्यंतची वायर बदलली. मग छत्रीसमोर दांड्यावर जे सिग्नल पकडायचं बोंड असतं, ते बदललं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "अहो, जुन्यावर भागवायचं होतं ना? आता जुनं काय उरलंय?"

"छत्री," मी म्हणालो.

"आणि तुम्ही."

तेवढ्यात बाबा म्हणाले, "छत्रीचं तोंड चुकलंय." बाबा म्हणाले म्हणजे चुकलंच असणार. मी पाना घेऊन गच्चीवर गेलो. मी वर, बाबा खाली टीव्हीसमोर, आणि जिन्यात बायको, माझा ओरडा खाली आणि त्यांचा निकाल वर पोचवायला.

"आता कसं दिसतंय, विचार."

"बाबा म्हणतात, धुरकट."

मी छत्री बोटभर सरकवली. "आता?"

"पिवळट म्हणतात."

तिला नुसतं मान वळवून टीव्हीकडे बघता आलं असतं. पण मी तिला 'काय दिसतंय' असं विचारतच नव्हतो, 'बाबा काय म्हणतात' एवढंच विचारत होतो. आणि ती माझ्यावर इतकी वैतागली होती की विचारलं तेवढंच करत होती. मी छत्री केसभर डावीकडे नेली, केसभर उजवीकडे नेली, केसभर आभाळाकडे केली, केसभर शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीकडे केली. ऊन असं की पाना हातात धरवेना. शेवटी चिडून छत्रीला एक गुद्दा घातला. ती गर्रकन फिरली आणि जमिनीकडे तोंड करून, रुसलेल्या नवरीसारखी उभी राहिली.

"थांब, थांब," खालून खुद्द बाबांचाच आवाज आला. "हलवू नकोस आता. आकाश कसं स्वच्छ दिसतंय. निळंशार."

मी तीन-तीन पायऱ्या उतरत खाली आलो. शेवटी जिंकलोच म्हणायचं. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं. डोकं उठतं म्हणून आवाज त्यांनीच बंद करून ठेवला होता. समोर टीव्हीचा पडदा संपूर्ण निळा, आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: सिग्नल नाही.

हातभर उंचीची अक्षरं रंगवणारा माणूस दोन हातांवरची अक्षरं बघत होता आणि त्याला आकाश दिसत होतं.

बायकोने तोंडावर पदर धरला. मी पाना हळूच खाली ठेवला.

"बाबा, मधे काय लिहिलंय?"

बाबांचं हसू गेलं. त्यांनी मान पुढे काढून डोळे बारीक केले. मग म्हणाले, "लिहिलंय का काही?"

मी बायकोला बाजूला घेतलं. "तुला माहीत होतं?"

"परवा बाबांनी चहा ओतला तो बशीच्या बाहेर ओतला. मला शंका आलीच होती."

"मग बोलली नाहीस ती?"

"कुणाशी बोलू? तुम्ही गच्चीवर होतात."

बाबा आतून म्हणाले, "कुजबुजू नका. कानांनी ऐकू येतं मला." आम्ही आत गेलो. ते पडद्याकडेच बघत बोलत होते. "टीव्ही खराब आहे म्हटलं की लोक टीव्ही बदलतात. डोळे खराब आहेत म्हटलं की म्हातारा बदलत नाहीत, त्याला कोपऱ्यात सारतात. आणि त्याच्या हातातला ब्रश आधी काढून घेतात. म्हणून म्हटलं, टीव्हीच खराब असू दे."

मला संताप आला. त्यांचा नाही. आपल्या घराघरांतल्या या मान देण्याचा. वडिलांना आपण मान देतो म्हणजे काय करतो? त्यांना खरं विचारत नाही आणि खरं सांगत नाही. एवढा मान दिला की माणूस आपोआप भिंतीकडे तोंड करतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय, रंग पिवळट दिसणारच. "इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तो उघडून बघावा असाच आवाज करत होता.

एक डोळा झाला, मग दुसरा झाला. डिशवाल्याने, फोन करू नका म्हणूनही, येऊन छत्री सरळ केली. पट्टी सुटल्यावर मी बाबांना मानाने टीव्हीसमोर बसवलं. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अजून पिवळटच आहे."

आम्ही पोट धरून हसलो. म्हातारा गमतीत आला म्हणजे बरा झाला. ते मात्र हसले नाहीत. टीव्ही बंद करून उठले, आणि चालत औषधवाल्याकडे गेले. मी मागोमाग. दुकानावर त्यांनीच पूर्वी रंगवलेली पाटी होती. निळा म्हणून घातलेला रंग जांभळा होता आणि शेवटची अक्षरं जागा संपल्यामुळे एकमेकांच्या अंगावर चढली होती.

"हे मी केलं?"

औषधवाला म्हणाला, "छान आहे की काका. ओळखीची पाटी."

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. "तेव्हाच बोलला असतास तर तेव्हाच डॉक्टरकडे गेलो असतो."

व्हरांड्यातली कोरी पाटी त्यांनी त्याच आठवड्यात रंगवायला घेतली. पाटी झाल्यावर ती चढवायला शिडीवर स्वतः गेले, कुणाचं ऐकलं नाही. खिळे ठोकून झाल्यावर वरून विचारलं, "सरळ आहे का?"

औषधवाला म्हणाला, मस्त. रस्त्यावरचे दोघे थांबून म्हणाले, झकास. मी ठरवलं होतं, यापुढे बाबांना मान नाही, खरं सांगायचं. म्हणालो, "नाही. उजवीकडे उतरलीय. अक्षरांच्या कडाही फाटल्यात."

बाबा खाली उतरले. शेजारच्या सुताराची लेव्हल, ती बुडबुड्याची पट्टी, मागितली, पुन्हा चढले, पाटीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध होता. मग त्यांनी अक्षरांच्या कडांवरून अंगठा फिरवला, आणि वरूनच माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे चल," ते म्हणाले. "मी येतो सोबत."

मला चष्म्याचा नंबर चांगलाच मोठा निघाला. चष्मा बनून आला, घरी येऊन तो लावला आणि पहिल्यांदाच नीट टीव्ही पाहिला.

पिवळट आहे. धुरकटही.