न उठलेला यजमान

जेवणं आटोपली तरी दत्ताराम पाटावरून उठेना, आणि तो उठेना म्हणून कोणीच उठेना. पंगतीतला वडीलधारा उठल्याशिवाय बाकीच्यांनी पान सोडायचं नाही, ही गावची रीत तो बोरीवलीच्या एका खोलीतही कडक पाळायला लावी. आज त्याच्या मुलीचं, उत्तराचं लग्न ठरवायला काशीराम बायको-मुलाला घेऊन आला होता. बोलणी अजून अडलेली. सगळ्यांच्या हातावर सोलकढी वाळत चालली.

एरवी दत्ताराम पलंगाला लागून बसे आणि त्याच्या कडेवर भार टाकून उठे. आज सुगंधाने नवऱ्याची ती जागा पाहुण्यांना दिली होती. संपात गिरणी गेल्यापासून दत्ताराम गोरेगावच्या स्टुडिओत दिवे उचले. हल्ली पायातला जोर जात चालला होता, पण त्याने घरात सांगितलं नव्हतं. बाप आजारी म्हटल्यावर स्थळ हातचं गेलं असतं.

काशीरामाला वाटलं, हा अडून बसलाय. तो घसा खाकरून म्हणाला, "हे बघा दत्तारामभाऊ, लग्न गिरगावातच हवं असं काही नाही. बोरीवलीत करू."

दत्तारामाने पलंगाकडे पाहिलं.

"बरं, मानपानाचंही सोडा."

दत्तारामाने मांड्यांवर हात रोवून जोर केला. तोंड लालबुंद झालं, बूड हललं नाही. काशीरामाला तो संताप वाटला.

"उत्तराची नोकरी चालू राहू दे. आता तरी उठा ना."

दाराआड उत्तरा थक्क झाली. महिनाभर घासाघीस करून जे मिळालं नव्हतं, ते बापाने तोंड न उघडता मिळवलं होतं. सुगंधा नवऱ्याच्या कानाशी वाकली. "आता पुरे झाला. किती ताणतलात?"

"मी खंय ताणतंय? माका उठाकच जमणा नाय."

काशीराम आणि त्याचा मुलगा मधुकर यांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. काशीरामाची बायको वनमाला इस्पितळात नर्स होती. तिने विचारलं, "दुखतं का?"

"नाय. जोरच नाय."

"जिना चढताना कठडा लागतो? वरचा डबा काढताना हात गळतात?"

"होय."

"मग कुणाची वाट बघत होता? कामाने अंग दुखलं तर चार दिवस पडून राहा. पण न दुखता जोर कमी होत चाललाय तर थांबायचं नसतं, रक्त तपासायचं. स्नायूंचे आजार नाना तऱ्हेचे. काहींना औषध आहे, पण वेळेवर गेलं तर."

काशीरामाने हळूच विचारलं, "हे पोरांत उतरतं काय गं?"

दत्तारामाचा चेहरा पडला. याच प्रश्नाला तो भीत होता.

"काही उतरतात, काही नाही. तपासणी होईपर्यंत तुम्ही बोलू नका," वनमाला म्हणाली. "आणि पानावर दिलेला शब्द फिरवायचा नाही."

तपासणीत थायरॉईडचा दोष निघाला. स्नायू त्यानेच ढिले पडले होते, पिढीजात काही नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत दत्ताराम कठडा न धरता जिना चढू लागला.

लग्न बोरीवलीत झालं. पंगतीत दत्ताराम मुद्दाम काशीरामाच्या शेजारी, भिंतीपासून लांब बसला. भराभर जेवला आणि कशालाही हात न लावता ताडकन उभा राहिला. सगळ्यांनी नीट पाहावं म्हणून उभाच राहिला.

रीतीप्रमाणे अख्खी पंगत उठू लागली. काशीरामाच्या पानात जिलब्या तशाच होत्या.

"दत्तारामभाऊ," तो काकुळतीने म्हणाला, "जरा बसा ना."