सदाशिव पेठेत एक डोकं जास्त

वस्तीनिहाय दरडोई उत्पादनाची पहिली यादी सोमवारी जाहीर झाली आणि तीत सदाशिव पेठ सतरावी आली. सतराव्या क्रमांकाचं पेठेला फारसं वाईट वाटलं नाही. यादी करणाऱ्यांना अक्कल नाही, हे तिने तत्काळ एकमताने ठरवलं होतं. पण वाघोली पहिली आली होती, आणि पहिल्या वस्तीला रोज तासभर जादा पाणी मिळणार होतं.

मंगळवारी सभा भरली. "उत्पादन वाढवू या," असं कुणीतरी सुचवलं. त्यावर बरेचजण चपला शोधू लागले. शेवटी रंगराव उठले. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि त्यानंतरच्या तेरा वर्षांत समोर वर्ग नाही एवढीच त्यांची तक्रार होती.

"दरडोई म्हणजे काय? एकूण उत्पादन भागिले माणसं. अंश वाढवायला घाम गाळावा लागतो. छेद कमी करायला खोडरबर पुरतं."

टाळ्या पडल्या. लोकसंख्या वस्तीनेच कळवायची असल्यामुळे खोडरबर नियमात बसत होतं. आधी स्पर्धा परीक्षांची पोरं खोडली. ती भाडेकरू असल्यामुळे चर्चेची गरज पडली नाही. पेठ नववी आली. मग तान्ही मुलं खोडली. पेठ तिसरी. त्यानंतर 'सध्या काही न कमावणारे' असा रकाना उघडला, आणि योजनेचे जनक म्हणून त्यात पहिल्या नावाचा मान रंगरावांना मिळाला.

"अहो, मला पेन्शन आहे!"

"ती जुन्या उत्पादनाची," चिटणीस म्हणाले.

पेठ पहिली आली. जादा पाणीही आलं. मात्र आता सगळंच पाणी यादीतल्या डोक्यांच्या हिशेबाने आलं, डोक्यामागे एक बादली.

"बाबा, ऑन पेपर आहे हो फक्त," सून सृष्टी लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाली. "पण या दोन बादल्यांतली एक माझी आणि एक तुमच्या दत्तप्रसादची. आम्ही प्रॉडक्टिव्ह आहोत ना."

"आणि माझी?" रंगरावांच्या पत्नी दुर्गाबाईंनी विचारलं.

"तुझ्या स्वयंपाकाला बाजारभाव नाही," रंगराव म्हणाले. नियम त्यांना पाठ होते.

"असं होय? मग उद्यापासून पोळी बारा रुपये."

दुर्गाबाईंनी सुनेकडून पोळ्यांचे पैसे घेतले, पावती फाडली आणि आठवड्याच्या आत त्या यादीत परत आल्या. घरात तिसरी बादली आली. रंगरावांना पोळी मिळत होती, रोखीने.

चौथ्या बादलीसाठी त्यांनी मंडईतून भाजी आणून पाहिली. तो उपभोग निघाला. मग त्यांनी सल्ला विकायचं ठरवलं.

"तुमच्या सल्ल्याचा पुरवठा उदंड आहे," दुर्गाबाई म्हणाल्या. "मागणी कुठाय?"

चार दिवस बिनआंघोळीचे काढून रंगराव यादी करणाऱ्या कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी श्यामलाबाई त्यांना पाहून उठून उभ्या राहिल्या, आणि मग खुर्ची जरा मागे सरकवून बसल्या.

"सर, मी तुमचीच विद्यार्थिनी. सातवी ब."

"मग माझं नाव परत घाल."

"तुम्ही आत आलात की पेठ दुसरी. वाघोलीनेही परवा म्हातारे काढले. आता तीन पैशांचा फरक उरलाय."

"अगं, पण मी राहतो तिथे! पन्नास वर्षं!"

"राहा की, सर. राहायला कुणाची हरकत आहे? फक्त मोजायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

वर्गात ही मुलगी कधी हात वर करत नसे.

"एक मार्ग आहे," श्यामलाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "बदली डोकं द्या. एक आत, एक बाहेर. नोकरी असली तरी चालेल, फक्त रिकामं बसलेलं सापडायला हवं. वस्ती कुठलीही असू दे, वळती आम्ही करून घेऊ."

रंगरावांनी अर्ज घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. त्यांना असं एक डोकं हवंय, जे गेली तीन-चार मिनिटं एका जागी बसून आहे, ज्याने तेवढ्या वेळात दमडीचंही उत्पादन केलेलं नाही, आणि जे एका म्हाताऱ्याच्या बादलीवर मनापासून हसत होतं.

बाकी सगळे रकाने भरून झालेत. आपलं नाव काय म्हणालात?