राखून ठेवलेले सासरे

माणूस कसा वापरावा हे कुणी माझ्याकडून शिकावं! पट, सोंगट्या आणि माणसं, या तिन्हींची मला जेवढी जाण आहे तेवढी आमच्या घरात कुणालाच नाही, असं मी अगदी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

मी पटावरचे खेळ तयार करतो आणि दुसऱ्यांनी तयार केलेले जमवतो. जमवलेले इतके झालेत की पाहुण्यांच्या खोलीत आता खोकी झोपतात आणि पाहुणे बाहेरच्या दिवाणावर. बायको औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते. ती घरी आल्यावर टेकायला खुर्ची शोधते आणि खुर्चीवर माझे वाळत घातलेले पत्ते असतात. तरी ती बिचारी नांदते आहे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवा खेळ झाला की तो कधीच न पाहिलेल्या माणसापुढे ठेवायचा. सोबत फक्त नियमांचा कागद. खेळ करणाऱ्यानं शेजारी बसायचं, पण अवाक्षर काढायचं नाही. तो चुकला, चिडला, पट उलटा धरून बसला, तरी गप्प! मी दातांत पेन्सिल धरतो. अशा माणसाला मी कोरा माणूस म्हणतो. तो एकदाच कामाला येतो. एकदा खेळला की त्याचं कोरेपण गेलं. ओल्या सिमेंटवरून मांजर चालून गेल्यासारखं, मग कितीही पुसा.

आणि माझ्या आसपासची सगळी माणसं खेळून खेळून पार झिजली होती. बायको नियम न वाचताच जिंकायची. मेहुणीनं येणं सोडलं. वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य तेवढा टिकून होता, पण तोही हल्ली माझी दाढ तपासताना कापूस जरा जास्तच कोंबायचा, मला नवा खेळ समजावून सांगता येऊ नये म्हणून.

अशा दुष्काळात आमचे सासरे आले.

त्यांचा सारा जन्म रेल्वेत सिग्नल पाडण्यात गेला. पुढून इशारा आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही त्यांची सवय हाडात मुरलेली. जेवायलासुद्धा पुन्हा एकदा हाक मारल्याशिवाय बसायचे नाहीत. सासूबाई गेल्यावर एकट्यानं राहवेना, म्हणून घर बंद करून ट्रंक घेऊन आले होते. बायकोनं पहिल्याच दिवशी मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "बाबांना इथंच राहा म्हण. मी म्हटलं तर हसण्यावारी नेतील. जावयानं म्हटलं पाहिजे."

म्हणणार होतो हो! शपथेवर सांगतो, मनापासून म्हणणार होतो. पण मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला दिसला एक संपूर्ण कोरा माणूस. आयुष्यात सोंगटीला हात न लावलेला!

माझा नवा खेळ तेव्हा अर्धा झाला होता. सांज होते, पाखरं झाडावर परततात, अंधार पडायच्या आत ज्यानं त्यानं आपल्या पाखराला फांदी मिळवून द्यायची. मी बेत आखला. खेळ पुरता तयार झाला की तो बाबांपुढे मांडायचा, आणि शेवटचं पाखरू फांदीवर बसलं की हळूच म्हणायचं, "बाबा, आता तुम्हीपण इथंच राहा." काय प्रसंग! मला नुसत्या कल्पनेनंच भरून आलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली की हे वाक्य तू आज भाजी चिरतानाही म्हणू शकतोस. तिला प्रसंगाची जाणच नाही.

तेव्हापासून मी बाबांना जपायला लागलो. तुपाचा डबा मुंग्यांपासून जपावा तसं! ते चहा घेऊन खोलीत आले की मी पटावर चादर टाकायचो. एकदा चादर सापडेना, तर मीच पटावर आडवा झालो. त्यांनी पोटात दुखतंय का विचारलं आणि ओवा आणून दिला. जेवताना त्यांनी खेळाचा विषय काढला की मी हवेविषयी बोलायचो. दंतवैद्य खेळायला येणार असला की मी बाबांना फिरायला पाठवायचो. त्यासाठी छानशी छत्री आणून दिली, काठी आणून दिली. ते लवकर परतले की दाराच्या फटीतून सांगायचो, अजून एक फेरी मारून या, तब्येतीला चांगलं असतं. बाबा निमूट जायचे. त्यांच्या चपलांचे तळ कागदासारखे झाले, आणि मला वाटायचं, सासऱ्यांची प्रकृती काय सुधारतेय!

एके संध्याकाळी दंतवैद्य सोंगटी हातात घेऊन म्हणाला, "अहो, सारखा मलाच का पिळता? सासरे आहेत की घरात."

मी म्हणालो, "ते एकदाच उपयोगाला येतील. एकदा वापरले की संपले. नंतर त्यांचा मला काय उपयोग?"

बाहेर छत्री टेकवल्याचा आवाज आला. मी म्हटलं, आले वाटतं, आणि पटावर चादर टाकली. बस, एवढंच माझ्या ध्यानात आलं!

त्यानंतरच्या दिवसांत बाबा फारच कमी बोलू लागले. मला ते सोयीचं वाटलं.

मग एका सकाळी खेळ पुरा झाला. शेवटच्या पाखराला रंग दिला, पटाची घडी घातली, खोकं काखेत मारलं आणि मी गातच बाहेर आलो. दिवाणावरची चादर अशी चापूनचोपून घातलेली की कुणी कधी निजलंच नसावं. ट्रंक नाही. छत्री आणि काठी कोपऱ्यात शेजारी शेजारी उभी, घरच्या वस्तू घरात ठेवून गेल्यासारखी. बायकोला दुकानात फोन लावला. ती म्हणाली, "धाकटीकडे चाललेत. मी किती अडवलं. म्हणाले, जावईबापूंना कामात त्रास होतो. अरे, धाव आता!"

धावलो! अंगात घरातला सदरा, पायांत दोन वेगळ्या चपला, पोटाशी खोकं. आत पाखरं खुळखुळताहेत.

बाबा फलाटाच्या टोकाला बाकावर होते, ट्रंकेवर हात ठेवून, सिग्नलकडे बघत. गाडीला अजून अवकाश होता. मी धापा टाकत खोकं उघडलं आणि म्हणालो, "बाबा, खेळा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग चपलांकडे. मग चष्मा पुसून नियमांचा कागद वाचला. मी दातांत पेन्सिल धरली.

आणि काय खेळले! एका हातानं स्वतःचं, दुसऱ्या हातानं माझं. कुठं अडले नाहीत. पाखरू उचलताना बोटं अशी हलकी, जणू त्याला खरंच पिसं आहेत. खेळता खेळता गुणगुणू लागले, "दिस कलला डोंगरी, पाखरा ये रे घरी..." आमच्याकडे आल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. फांद्या भरत आल्या. अंधाराची शेवटची फेरी सुरू झाली. एक पाखरू उरलं, एक फांदी उरली. माझा जीव नुसता पेन्सिलीत गोळा झाला होता!

बाबांनी ते पाखरू तळहातावर घेतलं आणि थांबले. म्हणाले, "जावईबापू, एक विचारतो. मी तुमच्याकडे राहिलो, तर तुम्हाला अडचण होईल का?"

वाचकहो, उत्तर माझ्याकडे तयार होतं. कितीतरी दिवस घोटून घोटून तयार केलेलं. पण फेरी संपायची होती! कोऱ्या माणसाची शेवटची फेरी, जी पुन्हा जन्मात मिळायची नाही. मी बोट वर केलं. म्हणजे, एवढं पाखरू बसवा, लगेच सांगतो.

बाबा माझ्या बोटाकडे बघत राहिले. इमानदार माणूस सिग्नलकडे बघतो तसे.

गाडी आली. बाबांनी ते पाखरू फांदीवर नाही ठेवलं. खोक्यात ठेवलं, त्याच्या खाचेत, नीट. मग बाकीची पाखरं वेचली, झाकण लावलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि ट्रंक उचलून डब्यात चढले. गाडी हलली तेव्हा माझ्या तोंडातली पेन्सिल पडली.

"बाबा, राहा! इथंच राहा!" मी ओरडलो.

फलाट झाडणारा म्हणाला, "मी कुठं चाललोय?"

बायकोनं संध्याकाळी एकच विचारलं, म्हणालास का? मी म्हटलं, त्यांनीच विचारलं. मग तू काय म्हणालास? मी म्हटलं, फेरी चालू होती. ती पत्ते उचलून खुर्चीवर बसली आणि कोपऱ्यातल्या छत्रीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. माफी मागितली, दंतवैद्याशी काय बोलत होतो ते सगळं सांगितलं, परत या म्हटलं. बाबा हसले. रागाचं हसणं नव्हतं, तेच जास्त लागलं. म्हणाले, धाकटीच्या घरी आत्ता कुठं टेकलोय, आता लगेच हलवू नका. बघू पुढं. मला राहवेना. मी विचारलं, खेळ कसा वाटला?

"खेळ छान आहे," ते म्हणाले. "फक्त आपला डाव यायला फार वाट बघावी लागते."

मी पाहुण्यांच्या खोलीतली खोकी काढून तिथं पलंग टाकलाय. खोकी आता दिवाणावर झोपतात. खेळही एका मोठ्या प्रकाशकानं घेतला. तो म्हणाला, नियम इतके स्वच्छ आहेत की एकही शंका येत नाही. मी म्हटलं, एक आली होती. उत्तर द्यायचं राहून गेलं.