शीतयंत्राच्या मेघडंबरीची हकीकत

श्रीवायुदेव प्रसन्न. ज्याच्या येण्याजाण्यावर जीव आणि यंत्र दोन्ही चालतात त्यास नमन करोनि लिहितो की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख शुद्ध सप्तमीचे दिवशी राज्यावर मोठा प्रसंग गुदरला. भर दुपारी रेशीमखान्याचे शीतयंत्र बसले. रेशीमखान्यात अंड्यांतून निघालेले कोवळे किडे वाढवावे आणि मग बारा गावांच्या रेशीमकऱ्यांस वाटावे, ऐशी राज्याची चाल. किडे ऐसे नाजूक की उष्मा वाढला म्हणजे माना टाकितात, आणि त्या दिवशी बाहेर पारा त्रेचाळीसावर होता. यंत्राचे काळीज म्हणजे कॉम्प्रेसर. तो मागील चौकात पंख्यासह एका पेटीत बसविला होता. तो गुरगुरे, जरा चाले, तापोन बंद पडे, आणि निवाला म्हणजे पुन्हा गुरगुरे. सरमिस्तरी बयाजी थोर माणूस खरे, परंतु त्यांस औषध एकच ठाऊक. पंखा वाजो की पाणी गळो, “गॅस कमी” म्हणोन गॅस भरावा. चैत्रापासून तीन वेळा भरिला होता आणि आता चौथ्या खेपेस नळकांडे घेऊन उभे ठाकले.

जिऊबाई पांचाळ म्हणोन एक कारागीर बाई रेशीमखान्याचे चाकरीस नवी लागली होती. तिचे माहेर बारा गावांपैकीच. तेथे आई आणि भाऊ तुतीचा पाला राखून किड्यांची वाट पाहात बसले होते, आणि किडे मेले तर सारा हंगाम हातचा जाणार, हे तिच्या जिवास लागले होते. तिने मनाशी ठरविले की, पुरती तपासणी जाहल्यावाचून आज गॅसची चावी कोणास फिरवू द्यावयाची नाही. “बयाजीकाका, आधी दाब तर मोजू,” ऐसे बोलिली. बयाजी म्हणाले, “पोरी, माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या त्या काय उगाच?” ती म्हणाली, “मिशांचा मान आहेच काका. पण गेज काय सांगतो तेही ऐकू.” आणि तिने वीज मोजिली, ती ठीक निघाली, आणि यंत्रास पहिला धक्का देणारा कपॅसिटर काढोन मोजिला, तोही ठीक, आणि पंखा पाहिला, तोही फिरत होता. मग गेज लाविला तों काटा सरसरून वर गेला. “हा उपाशी नाही काका, याला अजीर्ण झालंय,” म्हणोन तिने जास्तीचा गॅस रिकाम्या नळकांड्यात काढोन घेतला. बयाजींनी हातचे नळकांडे खाली ठेविले. यंत्र पूर्वीहून थोडे अधिक चालले आणि पुन्हा बसले. आत किड्यांची दोन तबके निपचित पडली होती. मग जिऊबाईने पेटीसमोर हात धरिला आणि तिच्या ध्यानी आले की पंख्याने बाहेर फेकिलेला ऊन वारा माघारी फिरोन पेटीतच शिरतो आहे.

याचे कारण मेघडंबरी. गेल्या माघात राजमाता आईसाहेबांनी, यंत्राने आमचे किडे राखिले, त्यास उन्हापावसाचे कष्ट नकोत, ऐशा मायेने पेटीभोवती सागवानी मेघडंबरी उभी करविली होती. चहूंकडे नक्षीची जाळी, जाळीस आतून मखमल, आणि दार लावून घेण्याची सोय. थंडीत यंत्राने कसेबसे निभाविले. जिऊबाई म्हणाली, “ही उतरवा.” कारभारी गोविंदपंत कडाडले, “आईसाहेबांची माया मोडतेस? चाकरी जाईल.” “जाऊ दे. आत किडे मरताहेत, त्याचं बोला,” म्हणोन तिने पहार उचलिली. गलबला ऐकोन शहात्तर वर्षांच्या आईसाहेब स्वतः चौकात आल्या. जिऊबाईने मुजरा करोन अर्ज केला की, “यंत्र चालू करते. आपण मेघडंबरीत उभं राहावं, मी बाहेर शंभर अंक मोजते.” गोविंदपंतांचा चेहरा उतरला, परंतु आईसाहेब आत गेल्या आणि दार लागले. चाळिसाव्या अंकास आतून दार ठोठाविले. आईसाहेब बाहेर आल्या तों पदर घामाने भिजलेला आणि मुद्रा तांबडीलाल. म्हणाल्या, “तीन महिने हे यातच श्वास घेत होतं?” जिऊबाई म्हणाली, “होय, आपलाच ऊन श्वास.” “दे पहार इकडे,” म्हणोन पहिला घाव आईसाहेबांनी घातिला. मग बयाजीही पुढे सरसावले आणि सर्वांनी मिळोन मेघडंबरी उतरविली. पाहतात तों पेटीच्या जाळीत मखमलीचा तूस दाटोन बसलेला. वीज तोडोन तो पाण्याने धुतला आणि कॉम्प्रेसर निवेपर्यंत जिऊबाई त्यावर हात ठेवोन बसोन राहिली. आत तबकांमागून तबके जात होती आणि तिचा जीव तीळतीळ तुटत होता, तरी तिने घाई केली नाही. मग कळ दाबिली. यंत्र सुरू जाहले आणि बसले नाही. दिवेलागणीस खोली सत्तावीसावर आली, आणि किडे तुतीचा पाला खाऊ लागले, त्याची कुरकुर ऐकोन जिऊबाई तेथेच भिंतीस टेकोन रडली.

एकंदर दोनशे तबकांपैकी चौदा मेली, बाकी वाचली आणि बारा गावांस पोहोचली. हकीकत लिहिते समयी गोविंदपंतांनी हळूच सुचविले की, चौदा तबके उन्हाने मेली ऐसे लिहावे. आईसाहेबांनी ऐकिले. म्हणाल्या, “उन्हाने नव्हे. आमच्या मायेने मेली, ऐसे लिहा. आणि उरलेली जिऊबाईने राखिली.” माझी लेखणी अडली, तेव्हा शाई वाळेपर्यंत आईसाहेब समोर उभ्या राहिल्या. म्हणोन तैसेच लिहिले आहे.