बाष्पीभवन, आवाजासह

मला फक्त एक थेंब उडवायचा होता.

मी सातवीला विज्ञान शिकवतो. पाण्याची वाफ होते आणि ती वर जाते, हे मी इतकी वर्षं फळ्यावर एक वाकडा बाण काढून दाखवत आलोय. बाण वर जायचा आणि मुलांच्या माना खाली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तर इतकी शांत झोपायची की तिला उठवताना मलाच अपराधी वाटायचं.

हे मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी मला बोलावलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "सर, नव्या मॅडम सातवी घ्यायला तयार आहेत. त्या पडद्यावर हलती चित्रं दाखवतात. गुरुवारी मी तुमच्या तासाला बसते, मग ठरवू."

"मीही हलती चित्रंच दाखवणार होतो," मी म्हणालो. (तोवर माझ्या तासाला हलायचा तो फक्त पंखा.)

बाहेर आलो तो सातवीचाच विचार करत. सातवी म्हणजे माझा जीव. सहावीला काही कळत नाही आणि आठवीला सगळंच कळतं. सातवीलाच काय ती शिकवायची मजा असते. म्हणून मी शाळेतल्या संगणकवाल्या सरांना गाठलं आणि म्हणालो, "मला एक थेंब उडवायला शिकवा."

त्यांनी शिकवलं. स्लाइडवर थेंब काढायचा, एक बटण दाबायचं, थेंब वर जातो. मी तो इतक्या वेळा उडवला की सर चहा पिऊन परत आले तरी मी उडवतच होतो. मग वाटलं, थेंब एकटा काय उडेल, सूर्यही उगवू दे. सूर्य उगवला तर ढगांनी काय पाप केलंय? शनिवारपर्यंत माझ्या धड्यात एकही वस्तू जागेवर राहिली नव्हती. धड्याचं नाव एकेक अक्षर टपटपत खाली पडत होतं, सूर्य उड्या मारत होता आणि थेंब वर पोचला की टाळ्या वाजत होत्या. (टाळ्या आवाजांच्या यादीत फुकट मिळत होत्या. तसंही माझ्या तासाला दुसरीकडून मिळण्याची शक्यता नव्हती.)

संगणकवाले सर म्हणाले होते, "घरी एकदा सगळा धडा म्हणून बघा. सुरू करताना हे बटण दाबा. तुम्ही ज्या स्लाइडवर जेवढा वेळ बोलाल, तेवढाच वेळ ती वर्गात थांबेल आणि पुढची आपोआप येईल." त्यापुढे ते आणखीही काही म्हणाले, पण 'आपोआप' ऐकून मी इतका खूश झालो की ते ऐकायचं राहून गेलं.

रविवारी दुपारी खोलीचं दार लोटून मी सराव केला. मधे आई डोकावली, मग बायको आली, मग मला जरा उठावं लागलं, पण धडा मी तडीस नेला. शेवटी लॅपटॉपने विचारलं, "बदल जतन करायचे का?" घरात कुठल्याही प्रश्नाला 'हो' म्हणायची सवय असल्यामुळे मी 'हो' दाबलं. पुन्हा चालवून बघायला हवं होतं, पण जेवण वाढलेलं होतं.

गुरुवार उजाडला. मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर, त्या झोपाळू मुलीशेजारी बसल्या. मी धडा सुरू केला. अक्षरं टपटप पडली. मुलं सरसावून बसली. मी छाती भरून म्हणालो, "मुलांनो, आज आपण एक गंमत बघणार आहोत."

"मुलांनो, आज आपण एक गंमत बघणार आहोत," लॅपटॉप म्हणाला.

मुलांना वाटलं, नवीन प्रकारचा माइक आहे. मी गप्प झालो, पण लॅपटॉपमधला मी बोलतच राहिला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते बटण नुसता वेळ लक्षात ठेवत नव्हतं. त्याने माझा आवाजही भरून ठेवला होता. आणि खोलीत आणखी ज्यांचे ज्यांचे आवाज झाले, त्यांचेही.

"अरे, कोणाशी बोलतोयस?" स्पीकरमधून आईचा आवाज आला. आईला जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे ती सगळ्यांच्या वाटणीचं बोलते.

"मुलांशी," लॅपटॉपमधला मी म्हणाला.

"कुठली मुलं? इथे तर कोणी दिसत नाही."

वर्गात खसखस पिकली. मी धावलो आणि सापडेल ते बटण दाबलं. पण धडा थांबेना.

"आई, सराव करतोय. वाफेचा धडा आहे. वाफ वर जाते."

"बाप वर गेला? कोणाचा?"

"बाप नाही, वाफ."

"कधी गेला? आजारी होता का?"

"आई, पाण्याची वाफ."

"पाण्यात पडून? अरेरे. चांगला माणूस होता."

इथे पडद्यावरचा थेंब वर पोचला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी घाईघाईने आणखी एक बटण दाबलं. त्यामुळे धडा एक स्लाइड मागे गेला आणि तो चांगला माणूस पहिल्यापासून पुन्हा वारला. वर्ग बाकांवर लोळत होता. आता लॅपटॉप मिटून टाकावा म्हणून मी झाकणाला हात घातला, तर मागून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला, "राहू द्या सर. मुलं ऐकताहेत."

आणि खरंच ऐकत होती. झोपाळू मुलगी तर बाकावर गुडघे टेकून उंच झाली होती.

पुढच्या स्लाइडवर सूर्याने उड्या मारायला सुरुवात केली आणि माझी बायको बोलू लागली. ती ग्राहक सेवा केंद्रात काम करते. दिवसभर फोनवर चिडलेल्या माणसांना एकेक गोष्ट समजावून सांगते, त्यामुळे तिचं बोलणं भिंतीलाही कळेल इतकं स्वच्छ आहे.

"अहो, हा ओला टॉवेल पुन्हा पलंगावर?"

मी वर्गाकडे पाठ फिरवली.

"उचलतो गं. आता जरा बाष्पीभवन चाललंय."

"कुठे चाललंय? तेच तर होत नाहीये. असा बोळा करून टाकला तर रात्रीपर्यंत ओला राहणार, गादीही ओली करणार. तोच दोरीवर पसरून घाला, तासाभरात कोरडा. पसरला की त्याला चहूबाजूंनी हवा लागते, पाण्याला निसटायला जागा मिळते. ऊन असेल तर लवकर, वारा असेल तर आणखी लवकर. आणि पावसाळी दिवशी वाळत नाही, कारण हवेचंच पोट पाण्याने भरलेलं असतं. ती आणखी कुठे पिणार?"

"अगं, त्याला पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आणि हवेतली आर्द्रता म्हणतात."

"काहीही म्हणा, पण आधी वाळत घाला."

मग दाराचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. मी टॉवेल वाळत घालायला गेलो होतो. पडद्यावर तीन ढग आले आणि तिथेच डोलत राहिले, कारण मी परत येईपर्यंत पुढची स्लाइड येणार नव्हती.

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी ढगांकडे बघत होतो. तेवढ्यात त्या झोपाळू मुलीने हात वर केला.

"सर, अंघोळ करून पंख्याखाली आलं की गार वाटतं, तेव्हा पण अंगावरचं पाणी उडत असतं का?"

इतक्या वर्षांत तिचा आवाज... म्हणजे जूनपासून तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मी म्हणालो, "हो. आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं." मग कोणीतरी विचारलं, बशीतला चहा लवकर गार का होतो. कोणीतरी म्हणालं, आमच्या घरी गणवेश पंख्याखाली वाळवतात. मी खडू घेतला, बशी काढली, कप काढला, टॉवेल काढला. बाणही काढला, तोच वाकडा, पण या वेळी एकही मान खाली गेली नाही. पडदा आहे, ढग आहेत, बाई बसल्या आहेत, मी सगळं विसरून गेलो. हातात खडू आणि समोर प्रश्न, मला तेवढंच येतं आणि तेवढंच पुरतं.

मग स्पीकरमधला मी धापा टाकत परत आला, "घातला एकदाचा," आणि आतून "पान वाढलंय" अशी हाक आली. त्याबरोबर उरलेल्या सगळ्या स्लाइड्स भुकेल्या माणसाच्या वेगाने पळाल्या. घंटा झाली. मुख्याध्यापिकाबाई उठून निघून गेल्या.

घरी गेलो तो चोरासारखा. बायकोने विचारलं, "कसा झाला धडा?" लपवण्यात अर्थ नव्हता. मुलांच्या आया दुकानात भेटतातच. मी सगळं सांगितलं. चांगल्या माणसाचं, टॉवेलचं, सगळं. ती टॉवेलची घडी घालत होती. आता माझ्या अंगावर काय येणार याचा मी अंदाज घेत होतो.

"सगळ्या वर्गाने ऐकलं?" तिने विचारलं.

"हो."

"बाईंनीसुद्धा?"

"हो."

तिने हातातली घडी नीट केली. "माझा आवाज कसा आला?"

"स्वच्छ," मी म्हणालो. "शेवटच्या बाकापर्यंत." ती दुसरीकडे बघून हसली. तेवढ्यात आईने आतून विचारलं की त्या बिचाऱ्याच्या घरी कोणी भेटायला गेलं की नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. नव्या मॅडमही तिथेच बसल्या होत्या. मी मनातल्या मनात सातवीचा निरोप घेतला.

"सातवी तुमच्याकडेच राहील," बाई म्हणाल्या. "मी आज मुलांना प्रश्न विचारले. सगळ्यांना सगळं येतंय. शेवटच्या बाकावरच्या मुलीनेसुद्धा न अडखळता सांगितलं."

मी आभार मानायला तोंड उघडणार, इतक्यात त्यांनी हाताने थांबवलं.

"आणि तो धडा दुसऱ्या तुकडीलाही दाखवायचा आहे. नव्या मॅडम दाखवतील. फक्त एक सुधारणा करा. त्या ताई इतकं छान समजावून सांगत असतात आणि मधेमधे एक पुरुष काहीतरी अवघड बोलून घोटाळा करतो. तो तेवढा काढता येतो का बघा."