व्हय म्हाराजा!

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. कट्टा गावाच्या आतल्या एका वाडीवर, शाळेच्या दारात तेव्हा जांभळीचं झाड अजून उभं होतं, आणि दुपारी तीन ते चार त्या शाळेत मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग भरायचा. शिकवायला संचिताबाई, शिकायला दहाजण. सीता तर अंगात ताप असला तरी यायची. दिवसभरात तेवढाच एक तास तिची सासू 'सीते, चाय ठेव गो' म्हणू शकत नसे.

दोन वर्षांत दहाहीजण वाचायला लागले आणि तिथेच घात झाला. नवं पत्रक आलं: वर्गात किमान दहा निरक्षर असतील तरच अनुदान.

"म्हणजे नीट शिकवलं हाच माझा गुन्हा!" संचिताबाई रडकुंडीला आल्या.

"रडतास कित्या?" सीता म्हणाली. "सायब येतलो तेवा आमी अडाणी. आदी होतवच मां!"

कुडाळहून तपासणीला साहेब आले. पहिल्या रांगेतल्या खतिजाने पुस्तक उलटं धरलं.

"काय दिसतं?"

"काळे मुंगये."

"आणि सीताबाई, तुम्हाला?"

"माकाय मुंगयेच. पण हिच्यापेक्षा मोठे."

बाबली म्हाताऱ्याने तर पुस्तकाचा नुसता वास घेतला.

साहेबांचा चेहरा पडला. "दोन वर्षांत एकालाही अक्षर येत नाही? मग हा वर्ग हवा कशाला?" त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला आणि लांब सुरात वाचायला घेतलं, "ज्याअर्थी प्रौढांना साक्षर करणे हे शासनाचे धोरण आहे..."

आता, बाबली म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारा. तो असंच एकेक वाक्य ओढून थांबतो आणि सगळा गाव हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणतो. साहेब थांबले, आणि सवयीने सगळ्यांच्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा!" शेजारधर्म म्हणून खतिजाच्याही.

साहेबांना हुरूप आला. "ज्याअर्थी या वर्गाची प्रगती शून्य आहे..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याअर्थी हा वर्ग बंद करण्यास सर्वांची संमती आहे..."

"व्हय म्हाराजा!"

"एकमताने!" साहेबांनी लिहून टाकलं आणि शाईचा पॅड पुढे केला. "अंगठे लावा."

बाबलीने अंगठा उचलला, कागदावर नजर टाकली आणि ओरडला, "सायबानू, ह्या काय लिवलात? वर्ग बंद करूक आमी कधी सांगलव?"

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्हाला वाचता येतं?"

"व्हय म्हाराजा!" दहाहीजण म्हणाले.

"मग काम संपलं. तरीही वर्ग बंद."

"शिकलो तरी बंद, नाय शिकलो तरी बंद," सीता म्हणाली. "मगे चालू रवतलो कसो?"

साहेबांनी पत्रक उलटलं. तळाशी बारीक अक्षरात काहीतरी होतं. ते सीतेनेच त्यांच्याआधी वाचलं: शिकलेल्यांनी प्रत्येकी एक नवा निरक्षर आणून त्याला शिकवावे. वाचलं आणि तिचं तोंड उतरलं. तिच्या घरात निरक्षर एकच उरलं होतं.

साहेबांची पुढे कणकवलीला बदली झाली; तिथे ते पत्रकं न थांबता, एका दमात वाचतात म्हणे. बाबली हल्ली गाऱ्हाणं वहीत बघून घालतो; त्याचं पान उलटेपर्यंत गाव दोनदा 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळा होतो. खतिजा आखातातल्या लेकाच्या मेसेजमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढते, म्हणून तो आता नुसता फोन करतो. जांभळीच्या जागी शेड आली, आणि तिथे संचिताबाईंच्या देखरेखीखाली दहा नवे अडाणी बसतात.

सीतेची सासू पहिल्या रांगेत. वर्गात बोलायची बंदी, म्हणून महिन्याभरात तिने पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं, 'सीते चाय ठेव.'

सीतेने पाटी नीट वाचली.

"आये, 'चाय' नाय. पुस्तकात 'चहा' म्हणतत. शंभर वेळा लिवा."

सासू अजून लिहिते आहे.